पालथ्या बशांचे परीक्षक

चाचणी शाखेला वर्धापन दिन नाही. वीज मंडळाला होता, २० जून १९६०. महापारेषण कंपनीला आहे, ६ जून २००५. स्मरणिकेसाठी शाखेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून धरायची, हा प्रश्न त्यामुळे पहिल्याच ओळीला आडवा आला. कोणत्याही आदेशाच्या कागदावर ही शाखा जन्मलेली नाही. उपकेंद्र उभे राहिले की चार्ज करण्याआधी कोणीतरी प्रत्येक वस्तू तपासून "हरकत नाही" अशी सही करावी लागते. ती सही करणारी माणसे म्हणजे शाखा. जिथे सही झाली तिथे ती होती, एवढाच तिचा पत्ता. तेव्हा मी सुरुवात धरतो ती खान्देशच्या आभाळाखाली डिस्क इन्सुलेटरच्या माळा लटकू लागल्या तेव्हापासून.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झाले आणि सात आठवड्यांत वीज मंडळ. पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश ही १९०६ पासूनची नावे त्याच वर्षी गेली आणि कागदोपत्री जळगाव व धुळे आले. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याखाली झालेल्या या मंडळाला गावाकडे 'बोर्ड' म्हणत. तीन कंपन्या होऊन इतकी वर्षे गेली तरी गावात अजून बोर्डच म्हणतात, बिल कुठल्याही कंपनीचे असो.

भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राचा पहिला संच १९६८ चा, ६२.५ मेगावॅटचा. आज तो आकडा वाचून नव्या मुलांना हसू येते. त्याच सुमारास, १९६८-६९ मध्ये, मनमाड ते भुसावळ रेल्वेमार्गावर २५ केव्हीची विद्युत तार आली. म्हणजे वर्ष-दीड वर्षात तापीकाठच्या या पट्ट्यात दोन मोठ्या संस्थांनी चिनी मातीच्या वस्तू खांबाखांबावर टांगल्या. रेल्वेचा खाते-क्रमांक वेगळा आणि आमचा वेगळा, पण वळवाच्या पहिल्या गडगडाटाला दोघांची छाती सारखीच धडधडायची.

डिस्क म्हणजे काय ते स्मरणिका वाचणाऱ्या घरच्या मंडळींसाठी सांगायला हवे. पालथी घातलेली मोठी बशी. व्यास २५५ मिलिमीटर, एका डिस्कपासून दुसरीपर्यंतचे अंतर १४५. वर बिडाची टोपी, खाली पोलादी पिन, मध्ये सिमेंट, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी चकाकती चिनी माती. खालच्या बाजूला ज्या वळ्या असतात त्या शोभेच्या नाहीत. पृष्ठभागावरून गळणाऱ्या विजेला लांबचा रस्ता चालायला लावण्यासाठी त्या असतात. एका डिस्कवर हा रस्ता साधारण २९२ मिलिमीटर भरतो. १३२ केव्हीला अशा नऊ, २२० ला चौदाच्या आसपास, ४०० ला तेवीस. त्यामुळे टॉवरखाली उभे राहून माळेतल्या बशा मोजल्या की लाइन किती केव्हीची ते कळते. ही मोजण्याची खोड लागली की सुटत नाही. एसटीच्या खिडकीतून डिस्क मोजणारा प्रवासी दिसला तर तो आपल्यातला समजावा.

ही बशी दोन प्रकारांनी मरते. एक म्हणजे तिच्या पाठीवरून, बाहेरून, हवेतून ठिणगी जाते. तिला फ्लॅशओव्हर म्हणतात. आवाज होतो, रिले चालतो, लाइन ट्रिप होते, पुन्हा चार्ज केली की बहुधा टिकते. बशीवर काळसर डाग राहतो. दुसरा प्रकार पोटातला. टोपी आणि पिन यांच्यामधल्या जेमतेम एक-दोन सेंटिमीटर मातीतून वीज आरपार जाते. त्याला आपण पंक्चर म्हणतो, सायकलच्या ट्यूबसारखे. खालून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. नऊपैकी एक मेली तर उरलेल्या आठ तिचा भार वाटून घेतात आणि लाइन चालू राहते. एकत्र कुटुंबात एखाद्याने काम सोडले तरी चूल पेटत राहते, तसे. पण पुढे कधीतरी वीज पडते, सगळ्या माळेवरून ठिणगी जाते, आणि मेलेल्या डिस्कमध्ये तिला पोटातला जवळचा रस्ता सापडतो. टोपीच्या आत कोंडलेली हवा क्षणात तापते, टोपी फुटते, आणि माळ तारेसकट खाली येते. कपाशीत पडलेली १३२ ची तार ज्याने पाहिली आहे त्याला डिस्कच्या पोटाची काळजी का करायची ते शिकवावे लागत नाही.

तर शाखेचे काम हे पोट तपासणे. आणि सांगायला हवे की कित्येक दशके आमच्या हातातले हत्यार या कामासाठी अपुरे होते.

ते हत्यार म्हणजे मेगर. आधी हाताने फिरवायचा, मग मोटरचा, मग बॅटरीचा. टोपीला एक वायर, पिनला दुसरी, पाच हजार व्होल्ट लावायचे आणि काटा पाहायचा. हजारो मेगाओहम दाखवले की डिस्क पास. आता हिशेब करा. १३२ केव्हीच्या लाइनवर एका फेजचा जमिनीशी दाब ७६ केव्ही. नऊ बशांत सारखा वाटला असता तरी एकीच्या वाट्याला साडेआठ केव्ही आले असते. प्रत्यक्षात सारखी वाटणी होत नाही. तारेजवळच्या बशीवर सर्वांत जास्त भार येतो, वर टॉवरकडे तो कमी होत जातो. म्हणजे जी डिस्क रोज साडेआठाहून अधिक सोसते तिला आम्ही पाचाने विचारत होतो, "बाई, बरी आहेस ना?" ती बरी आहे असेच म्हणणार.

यात खान्देशचा स्वतःचा एक गोंधळ मिसळलेला आहे, आणि तो मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचायला मिळालेला नाही. मान्सूनपूर्व देखभाल आखाजीच्या आसपास होते. जळगाव-भुसावळला तेव्हा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला असतो. हवेत ओलावा म्हणून नाही. अशा हवेत डिस्कमधली केसाएवढी भेग ठणठणीत कोरडी असते, आणि कोरड्या भेगेतली हवा पाच हजार व्होल्टला उत्तम इन्सुलेटर आहे. मेगरचा काटा अनंताकडे जातो. तीच डिस्क आषाढात, भेगेत ओल शिरल्यावर, शंभर मेगाओहमही दाखवणार नाही. म्हणजे परीक्षा घ्यायची ती नेमकी अशा ऋतूत, जेव्हा नापास होणारा विद्यार्थीही पास होतो. आषाढात परीक्षा घ्यावी तर चिखलात गाडी जात नाही आणि टॉवरवर चढायचे नाही. या कोंडीवर शाखेने काढलेला उपाय साधा होता. शंका आली की बदलून टाका. त्यामुळे चांगल्याही डिस्क उतरल्या आणि वाईटही राहिल्या. किती, ते सांगता येत नाही, कारण मोजणारे यंत्रच नव्हते.

खरे यंत्र होते, पण दूर होते. भारतात डिस्कच्या चाचण्यांची तीन पायऱ्यांची रीत आहे. प्रकार-चाचणी, म्हणजे त्या नमुन्याची, एकदाच, सखोल. स्वीकृती-चाचणी, म्हणजे प्रत्येक खेपेतले काही नमुने काढून. आणि नेहमीची चाचणी, कारखान्यात प्रत्येक नगावर. पोटात पंक्चर होते का ते खेपेतल्या नमुन्यांवर पाहतात, डिस्क तेलात बुडवून, म्हणजे बाहेरून ठिणगी जाण्याचा रस्ताच बंद करून. विजेच्या धक्क्याची, ज्याला पुस्तकी मराठीत आवेग आणि आपण इम्पल्स म्हणतो, तिची परीक्षा मात्र प्रकार-चाचणीत. ती घेण्यासाठी लागणारे यंत्र खान्देशात नव्हते, आणि ते नसणे योग्यही होते. ते यंत्र म्हणजे कित्येक मजले उंच मनोरा. बंगळुरूच्या केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्थेत, म्हणजे सीपीआरआयमध्ये, तीस लाख व्होल्टचे. तिच्याच हैदराबादच्या अतिउच्च दाबाच्या प्रयोगशाळेत पन्नास लाख व्होल्टचे. सीपीआरआय १९६० चीच, म्हणजे मंडळाच्याच वर्षाची. आमच्या सगळ्यांत जवळची प्रयोगशाळा बडोद्याची, इर्डा, ही १९७४ ची संस्था. धुळ्याहून सुरतमार्गे रात्रभराचा रस्ता.

या मनोऱ्यातले तत्त्व १९२३-२४ चे. एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याचे. समजायला उतरंड आठवावी. मातीची मडकी आधी जमिनीवर शेजारी शेजारी मांडायची, बारीक धारेच्या नळाखाली सावकाश भरायची. सगळी भरली की एका क्षणात एकावर एक रचायची. पाणी तेवढेच, पण आता त्याची उंची सगळ्या मडक्यांची बेरीज. मार्क्सने हेच कपॅसिटरांचे केले. समांतर जोडून, रोधांमधून, हळूहळू भार भरायचा. मग त्यांच्यामधल्या गोळ्यांच्या फटींत ठिणगी पाडायची. ती पडली की सगळे कपॅसिटर एकामागे एक जोडले जातात. शंभर केव्हीची दहा मडकी, वर दहा लाख व्होल्ट. खाली साधा ट्रान्सफॉर्मर, वर वीज.

वर येणाऱ्या त्या लाटेचा आकार ठरलेला आहे, जगभर एकच. चढायला १.२ मायक्रोसेकंद, अर्ध्यावर यायला ५०. चढणीत तीस टक्के आणि उतरणीत वीस टक्के इकडेतिकडे चालते. आकाशातली प्रत्येक वीज इतकी शिस्तीची नसते, पण परीक्षेला प्रश्नपत्रिका एक असावी लागते. आमच्या प्रणालीचे दाखले याच लाटेवर मिळतात. ३३ केव्हीच्या सामानाने १७० केव्ही सोसले पाहिजेत, १३२ च्या सामानाने ६५०, ४०० च्या सामानाने १४२५.

या आकड्यांचा सातपुडा आणि सह्याद्रीच्या घाटांशी काय संबंध, ते शाखेतल्या माणसाला पाठ असते. मधल्या ताकदीच्या विजेत तीसेक हजार अँपिअर असतात. ती टॉवरच्या शेंड्यावरच्या अर्थवायरला लागली की प्रवाह टॉवरमधून जमिनीत जातो. पाया काळ्या मातीत असेल आणि त्याचा रोध दहा ओहम असेल, तर टॉवर तीन लाख व्होल्टला उचलला जातो. १३२ ची माळ हे सोसते. तोच टॉवर लळिंगच्या किंवा कन्नड घाटाच्या काळ्या पाषाणावर असेल, रोध पन्नास ओहम असेल, तर पंधरा लाख. मग १३२ चे साडेसहा लाख सोडाच, ४०० च्या माळेचेही हिशेब चुकतात, आणि ठिणगी टॉवरकडून तारेकडे, उलटी जाते. म्हणून आमच्याकडे "लाइन कुठे ट्रिप झाली" या प्रश्नाला अनेकदा हवामानखात्याआधी भूगर्भशास्त्र उत्तर देते. आणि काळ्या मातीवर विसंबूनही चालत नाही. उन्हाळ्यात ती हात-हात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपपासून सुटते, आणि वळवाची पहिली वीज नेमकी याच दिवसांत पडते.

उष्णतेचा आणखी एक हिशेब आहे, जो प्रयोगशाळेच्या दाखल्यावर छापलेला असतो पण कोणी वाचत नाही. दाखल्यातले व्होल्ट २० अंश तापमान आणि समुद्रसपाटीच्या दाबाचे. जळगाव सपाटीपासून दोनशे मीटरच्या वर आणि मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश. या हवेची घनता प्रमाण हवेच्या सुमारे नव्वद टक्के भरते. विरळ हवा कमी सोसते. बडोद्याच्या दाखल्यावर ११० केव्हीला टिकलेली डिस्क भुसावळच्या दुपारी शंभरालाच फ्लॅशओव्हर देईल. हा डिस्कचा दोष नाही, आणि तो तसा नाही हे कळायला आकडा दुरुस्त करून वाचावा लागतो.

आणि इम्पल्स म्हणजे सगळेच नव्हे, हेही नोंदवायला हवे. दीपनगरची राख, जिनिंगमधला कापसाचा भुगा, वीटभट्ट्यांचा धूर हे सगळे बशीवर बसते. कोरडे असेपर्यंत निरुपद्रवी. कार्तिक-मार्गशीर्षात पहाटे दव पडले की त्याचा वाहक थर होतो आणि नेहमीच्याच दाबाला, आभाळ निरभ्र असताना, माळ जळते. विजेची लाट इतकी छोटी असते की या थराला तापायला वेळच मिळत नाही, त्यामुळे इम्पल्स चाचणीत घाणेरडी डिस्कही चांगली दिसते. इथे लागतो तो रस्त्याचा हिशेब. नऊ बशांचे २९२ प्रमाणे २६२८ मिलिमीटर, भागिले प्रणालीचा कमाल दाब १४५ केव्ही, म्हणजे दर केव्हीला अठरा मिलिमीटर. सोळा म्हणजे स्वच्छ प्रदेशाला पुरेसे, वीस मध्यम प्रदूषणाला, पंचवीस जास्त प्रदूषणाला. राखेच्या पट्ट्यात अठरा कमीच. त्याला औषध चाचणीचे नाही. धुणे, नाहीतर डिस्क वाढवणे.

शाखेच्या माणसांना या सगळ्याची शास्त्रशुद्ध भाषा मिळाली ती उशिरा, आणि ती देणारी कॉलेजेही खान्देशात उशिराच आली. १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकीची दारे उघडली आणि बांभोरी आणि धुळे येथे कॉलेजे निघाली. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जळगावला १९९६ ला. १९८३ ची कॉलेजे सुरुवातीला पुणे विद्यापीठाची. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, ज्याला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले. हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग हा विषय अभ्यासक्रमात होता आणि नायडू-कामराजू यांचे पुस्तक, पहिली आवृत्ती १९८२, त्याच्या झेरॉक्सवर कित्येक पिढ्या पास झाल्या. मार्क्सचे सर्किट-चित्र परीक्षेत हमखास असायचे. सर्किट-चित्र काढता येणे आणि ठिणगी पाहणे यांत मात्र अंतर आहे. ते अंतर मिटवले शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांनी. प्लायवूडच्या फळीवर सिरॅमिक कपॅसिटर, स्क्रू-बोल्टच्या फटी, रोध म्हणून ओळीने जोडलेले छोटे रेझिस्टर, आणि एक दोन बोटे लांबीची ठिणगी. पाहायला आलेल्या पालकांना ती फटाक्याएवढी वाटायची. आम्हाला मात्र ते मनोऱ्याचे पिल्लू दिसायचे.

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. मनोरा इतका मोठा का असतो? कारण त्याला ट्रान्सफॉर्मर, केबल, सगळेच तपासायचे असते, आणि त्या वस्तू लाटेकडून खूप भार मागतात. एक डिस्क जवळजवळ काहीच मागत नाही. तिची कपॅसिटन्स काही दशक पिकोफॅरड. म्हणजे फक्त डिस्क तपासायची असेल तर मनोरा लागत नाही, पेटी पुरते. एक साधा हिशेब देतो. दहा पायऱ्या, प्रत्येकी ०.१ मायक्रोफॅरड, प्रत्येकी वीस हजार व्होल्टला भरलेल्या. एका पायरीत २० ज्यूल, सगळ्यांत मिळून २००. वर दोन लाख व्होल्ट, गळती धरली तरी पावणेदोन लाख. ३३ केव्हीच्या सामानाचा १७० केव्हीचा दाखला या पेटीच्या आवाक्यात येतो, आणि एकेकट्या डिस्कला तर ती पुरून उरते. आधुनिक पेट्यांत हवेच्या फटींऐवजी दाबाखालचा नायट्रोजन किंवा दुसरा वायू असतो, म्हणजे फट छोटी होते. किंवा फटीच नसतात, अर्धवाहक स्विच एकाच आज्ञेने चालू होतात. आकार आणि वजन कमी होते ते तिथे. विजेसाठी गाडीची बॅटरी चालते.

पण पेटी छोटी आहे एवढ्यासाठी तिचे कौतुक नाही. तिचे कौतुक लाटेच्या चढणीसाठी आहे. वर पोट आणि पाठ म्हटले, त्यातला झगडा असा. हवेला फुटायला वेळ लागतो. व्होल्ट लावल्यावर पहिला इलेक्ट्रॉन मिळेपर्यंत, मग ठिणगीचा रस्ता तयार होईपर्यंत, काही दशांश मायक्रोसेकंद ते एखादा मायक्रोसेकंद जातो. चढण सावकाश असेल तर हवा वेळेवर फुटते, दाब खाली येतो, आणि मातीचे पोट बचावते. चढण जर अतिशय उभी असेल, तर हवेने निर्णय घेण्याआधी व्होल्ट कुठल्या कुठे जातात, आणि तेवढ्या क्षणात चिनी मातीच्या पोटावर असा ताण येतो जो प्रयोगशाळेतली नेहमीची लाट कधीच देत नाही. भेग असेल तर ती तिथेच बोलते, कोरडी असो की ओली. म्हणून पॉलिमर इन्सुलेटरांच्या आंतरराष्ट्रीय मानकात उभ्या चढणीची लाट सांगितली आहे, मायक्रोसेकंदाला किमान दहा लाख व्होल्ट, पंचवीस धन आणि पंचवीस ऋण धक्के. मातीच्या डिस्कलाही अशाच लाटेची वेगळी परीक्षा आहे. आणि अशी उभी चढण मोठ्या मनोऱ्याला जमवणे कठीण. तारा लांब, वळसे मोठे, त्यांच्या इंडक्टन्सने लाट लोळते. छोट्या पेटीला मात्र ती सहज जमते, कारण तिचे वळसेच छोटे.

म्हणजे मे महिन्यातल्या कोरड्या भेगेचा जो प्रश्न मेगरला सुटत नव्हता, त्याचे उत्तर व्होल्टच्या आकड्यात कमी आणि चढणीत जास्त होते. हे मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर कळले, याची थोडी चिडही आहे. माझ्या काळातल्या काही साइटवर आम्ही मेगर पुन्हापुन्हा फिरवत बसलो, काटा अनंतावर, आणि जुलैत तीच माळ बोलायची.

पेटीचे धोके आहेत. २०० ज्यूल ऐकायला थोडे वाटतात. हृदय थांबवायला ते भरपूर आहेत. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो, म्हणून डिस्चार्ज रॉड आधी, हात नंतर. सुरक्षा-भाषणात हे वाक्य असतेच, पण शाखेत ते भाषण म्हणून नव्हे, सवय म्हणून शिकवले गेले. नवा मुलगा बुशिंगला हात लावायच्या आधी मागे वळून अर्थ कुठे आहे ते पाहतो का, एवढ्यावर जुने लोक त्याचे मूल्यमापन करत. दुसरी मर्यादा माळेची. पेटी एकेक डिस्कसाठी. टांगलेल्या तेवीस बशांच्या माळेवर लावली तर सगळा ताण टोकाच्या बशांवर पडतो आणि मधल्यांबद्दल काही कळत नाही. उतरवून, पाट्यावर मांडून, एकेक. आणि लाइन बंद हवी, हे वेगळे सांगायला नको.

बाकीचा इतिहास भरभर सांगता येतो, कारण तो इतर लेखांत येणारच आहे. दीपनगरला १९७९ आणि १९८२ ला २१० मेगावॅटचे संच, आणि २०१२ पासून पुढे ५०० चे दोन. भुसावळजवळ खडक्याला आणि धुळ्याला ४०० केव्हीची उपकेंद्रे. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, आणि ती वीज धुळ्याला उतरते. ६ जून २००५ ला २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे मंडळ विभागले, आणि चाचणीची माणसे दोन बाजूंना गेली. काहींची टेबले महावितरणमध्ये, काहींची महापारेषणमध्ये, आणि जुने मेगर कोणाच्या यादीत यावर पत्रव्यवहार व्हायचा तेवढा झाला. साक्रीजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प २०१३ चा. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या त्याच्याही आधीच्या. मग ७६५ केव्ही. धुळ्याचे ७६५/४०० उपकेंद्र दीड-दीड हजार एमव्हीएच्या दोन ट्रान्सफॉर्मरांचे, खासगी पारेषण कंपनीचे. तिच्या लाइनी औरंगाबादकडे सुमारे १९० किलोमीटर आणि बडोद्याकडे सुमारे २६०. २०१४-१५ मध्ये ही यंत्रणा सुरू झाली. म्हणजे ज्या बडोद्याला आम्ही डिस्क गाडीत घालून न्यायचो, त्या बडोद्याला आता धुळ्याहून वीज तारेने जाते. त्यांच्या चाचणीचा हिशेब त्यांच्याकडे. पण तारेभोवतीची हवा ताणाने सूंसूं करते तो कोरोनाचा आवाज धुक्याच्या सकाळी आमच्याही गाडीच्या खिडकीत येतो.

डिस्कही बदलली. काचेच्या आल्या. त्या बिघडल्या की फुटून पडतात, खालून दुर्बिणीने मोजता येतात, पोट तपासायला यंत्र लागत नाही. त्यांचा शत्रू गोफणीचा दगड. ज्वारीच्या राखणीची पोरे पाखरांवर मारतात, आणि चकाकती काच त्यांना पाखरापेक्षा मोठी खूण वाटते. मग पॉलिमर आले, हलके, एका माणसाने खांद्यावर नेता येणारे, दगडाला न फुटणारे. पण त्यांच्या आतली काचतंतूची दांडी कशी आहे ते बाहेरून अजिबात कळत नाही. मातीच्या बशीत निदान टोपीवर गंज दिसतो. पॉलिमरमध्ये सगळे पोटातच. पेटीची गरज त्यामुळे कमी झालेली नाही, वाढली आहे. उभ्या लाटेची परीक्षा आधी त्यांच्या मानकात नीट मांडली गेली, हे उगीच नव्हे.

एका उपकेंद्राच्या आवारात, नाव घेत नाही, नियंत्रण कक्षासमोर तुळशीवृंदावनाभोवती जुन्या डिस्कचे कुंपण आहे. अर्ध्या जमिनीत पुरलेल्या, पिन खाली, टोपी वर, चुना लावलेल्या. मंडळाच्या पहिल्या दशकातल्या लाइनवरून उतरवलेल्या असाव्यात. रंग जुन्या धाटणीचा, तपकिरी, आणि शिक्का झिजलेला. "शंका आली की बदला" या काळातल्या. त्या कुणी मेगर केल्या, काय आले, कशाला उतरवल्या, याचा कागद उरलेला नाही. तिथल्या माळ्याने एकदा मला विचारले की यातली एखादी घरी न्यायची तर चालेल का, नातवाला गल्ला ठेवायला. मी टोपीवर नखाने टकटक केली, जशी मडके घेताना करतात, आणि "ने" म्हटले. आवाज चांगला आला होता.